दुधाचे माप आणि आईचा दिवस

‘मी काही बोळ्याने दूध पीत नाही’ हे वाक्य आपण सगळेच बोलतो. समोरच्याला ते सुनावताना त्यातला बोळा म्हणजे नेमके काय, हे मात्र आता फारसे कुणाला आठवत नाही. कापसाचा किंवा मऊ धुतलेल्या फडक्याचा लहान गोळा दुधात बुडवायचा, बाळाच्या ओठांशी धरायचा आणि थेंब थेंब पिळायचा. बाळंतीण दगावली, तिला पान्हा फुटला नाही किंवा बाळाच्या अंगात ओढण्याइतकी ताकद नसली, की घरातली एखादी म्हातारी हे काम तासन् तास करत बसे. ज्यांची ऐपत होती त्यांच्याकडे चांदीचे किंवा पितळेचे बोंडले असे. म्हणी-वाक्प्रचारांत जुन्या घरांतले सामान टिकून राहते, तसा हा बोळाही टिकला.

बोळ्याला माप नसते. बाळाने मान फिरवली की पुरे झाले, रडले की पुन्हा बुडवायचा. आज नव्या आईबापांना पडणारा पहिला प्रश्न ‘बाळाने किती दूध प्यायला हवे?’ हा आहे. त्या काळी हा प्रश्न नव्हता असे नाही, पण त्याचे उत्तर आकड्यात द्यायचे असते असे कुणाला वाटत नव्हते. हे उत्तर आकड्यात कधी आले, कुणी आणले आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत पोचेपर्यंत त्या आकड्याचे काय झाले, हे या लेखात पाहायचे आहे. मी डॉक्टर नाही. इतिहासाची पदवीही माझ्याकडे नाही. या दोन तालुक्यांतल्या बालमृत्यूंच्या बातम्यांची कात्रणे जमवता जमवता मी या विषयाकडे आलो. कात्रणांत मृत्यूंचे आकडे भरपूर होते, वजनांचेही होते. दुधाचा आकडा मात्र कुठेच नव्हता, म्हणून तो शोधायला लागलो.

आपल्या जुन्या वैद्यकात दुधाचे प्रमाण मोजण्यापेक्षा दुधाची पारख करण्यावर भर होता. सुश्रुताच्या शारीरस्थानात स्तन्य थंड पाण्यात टाकून पाहायला सांगितले आहे. ते पाण्यात एकजीव झाले, तंतू सुटले नाहीत, तरंगले किंवा बुडाले नाही, तर ते शुद्ध. त्याच प्रकरणात राग, शोक आणि बाळाबद्दल माया नसणे यांमुळे दूध आटते असे म्हटले आहे, आणि भुकेल्या, शोकाकुल, थकलेल्या धात्रीने बाळाला पाजू नये असाही इशारा आहे. या इशाऱ्याचा शब्दशः अर्थ आज कुणी घेऊ नये, कारण दमल्या-भागल्या आईचे दूधही बाळासाठी उत्तमच असते हे आता पक्के ठाऊक आहे. मला त्यातली नजर महत्त्वाची वाटते. बाळाच्या पोटाचा विचार करताना त्या ग्रंथकाराने आधी पाजणारीच्या पोटाकडे पाहिले. पुढच्या दीड-दोन हजार वर्षांत ही नजर किती वेळा हरवली आणि किती वेळा पुन्हा सापडली, हाच या विषयाचा इतिहास आहे.

दुसरी गोष्ट महाभारतातली. द्रोणाच्या घरी गाय नव्हती. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून अश्वत्थामा रडू लागला, तेव्हा इतर पोरांनी पाण्यात पीठ कालवून त्याला पाजले आणि तो ‘मी दूध प्यालो’ म्हणून नाचू लागला. ही गोष्ट लहानपणी ऐकताना आपल्याला द्रोणाच्या अपमानाचे वाईट वाटते. पण पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर पोट भरले, रंग पांढरा होता, मूल खूश होते आणि अंगी काही लागले नाही. हे पिठाचे पाणी पुढे पुन्हा भेटणार आहे.

आकडा आला युरोपातून, आणि तो अनाथ मुलांच्या संस्थांमधून आला. १७४८ साली विल्यम कॅडोगन या इंग्रज डॉक्टरने लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या एका विश्वस्ताला पत्ररूपाने एक निबंध लिहिला. मुलांना भारंभार चारू नका, चोवीस तासांत चार वेळा पाजणे पुरे, रात्री तर नकोच, असा त्याचा सल्ला होता. शेकडो मुले आणि मोजक्या दाया असलेल्या संस्थेला असे वेळापत्रक सोयीचेच होते. शंभरेक वर्षांनी १८६५ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख याने आईच्या दुधाची नक्कल करणारे बालान्न तयार केले. पाठोपाठ १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हेन्री नेस्ले याने दूध आणि पीठ यांचे आपले मिश्रण बाजारात आणले. दूध डब्यात आले म्हणजे किती चमचे, किती पाणी, दिवसातून कितीदा, हे लिहून देणे भागच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ओटो ह्यूबनर आणि मॅक्स रुबनर यांनी बाळाच्या अंगात जाणारी आणि खर्च होणारी ऊर्जा मोजली. बाळाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १०० कॅलरी लागतात, हे गणित तेव्हापासूनचे. पॅरिसमध्ये पिएर ब्युदँ याने १८९२ मध्ये अर्भकांसाठी साप्ताहिक तपासणी सुरू केली आणि दर खेपेला बाळाचे वजन घ्यायला लावले. आपल्या अंगणवाडीतल्या वजनकाट्याचे मूळ शोधत गेले तर ते या खोलीपर्यंत पोचते. न्यूझीलंडमध्ये १९०७ पासून ट्रुबी किंगने यात घड्याळाची भर घातली. दर चार तासांनी पाजायचे, रात्री अजिबात नाही, मूल रडले तरी वेळ झाल्याशिवाय उचलायचे नाही.

आपल्याकडच्या शहरी मध्यमवर्गात हे घड्याळ इंग्रजी शिकलेल्या डॉक्टरांबरोबर आले. सासू म्हणे, ‘रडतंय तर घे की जवळ’, आणि सून भिंतीकडे बघत म्हणे, ‘अजून अर्धा तास आहे.’ पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत हा संवाद घडला असेल. पुढे डब्यांवरची गुटगुटीत बाळे आली, सुदृढ बालक स्पर्धा आल्या आणि ‘अंगावरचे पुरत नाही’ ही भीती सुशिक्षित घरांत जास्त वाढली. या भीतीला एक अगदी साधे कारण आहे. बाटलीवर रेघा असतात, आईच्या अंगावर नसतात.

खरे तर अंगावरच्या दुधाचे मोजमापही झाले आहे, आणि त्यातून निघालेली गोष्ट मोठी गमतीची आहे. ऑस्ट्रेलियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७१ आया आणि केवळ अंगावर पिणारी त्यांची निरोगी बाळे होती. प्रत्येक पाजण्याआधी आणि नंतर बाळाचे वजन केले गेले. चोवीस तासांत एखादे बाळ ४७८ ग्रॅम दूध प्यायले, तर एखादे १३५६ ग्रॅम. दोन्ही बाळे ठीक होती. सरासरी पाऊण लिटरच्या थोडी वर आली. बाळे हाताशी असलेले सगळे दूधही पीत नव्हती, साधारण दोन तृतीयांश घेऊन थांबत होती. म्हणजे निरोगी बाळ आणि पोटभर जेवणारी आई असेल तर माप बाळाच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे, हा बोळेवाल्या म्हातारीचा नियम बरोबरच होता. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी आणि वजनाची चढती रेघ, एवढ्यावर डॉक्टरांचेही समाधान होते.

पण या नियमाला दोन अटी आहेत, आणि जव्हार-मोखाड्यात आपल्याला त्या दोन्ही मोडलेल्या दिसतात.

*

जव्हार हे मुकणे घराण्याचे जुने संस्थान. चौदाव्या शतकापासून चालत आलेले महादेव कोळ्यांचे हे राज्य १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले. १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी ही इथली माणसे. उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात. पाऊस इतका की चार महिने छत्री मिटत नाही, आणि मार्च उजाडला की बाया हंडे घेऊन कोस-कोस चालतात. गुरे आहेत, पण ती मुख्यतः नांगराला. दूध काढून मुलांना पाजायचे किंवा विकायचे ही चाल थोडी; पाहुण्यापुढे येतो तो कोरा चहा. म्हणून इथल्या बाळाच्या दुधाची गोष्ट जवळजवळ पूर्णपणे आईच्या दुधाची आहे. आई हीच इथली गाय, हीच डेअरी, हाच डबा.

जुने गॅझेटियर चाळले तर सारा, जंगल, जाती, देवस्थाने यांचे भरपूर तपशील मिळतात. पोटाचे मोजमाप सरकारने मनावर घेतले ते फार उशिरा, आणि तेही मेलेली मुले मोजावी लागली तेव्हा. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात सव्वाशेच्या आसपास बालके दगावली. या दोन शेजारी गावांची नावे तेव्हापासून जोडनावासारखी उच्चारली जातात. कुपोषणाची बातमी कुठलीही असो, तिच्यात वावर-वांगणी येतेच. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले, १९९५ पासून आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आली. तरीही सप्टेंबर २०१६ मध्ये मोखाड्यातल्या खोच या गावातल्या बालमृत्यूने पुन्हा राज्याचे लक्ष वेधले आणि पालघरमधल्या कुपोषणाबद्दल राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सरकारला नोटीस काढली. मधल्या काळात डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून दाखवून दिले होते, की सरकारी नोंदींतले बालमृत्यू हे प्रत्यक्षातल्या मृत्यूंपेक्षा फारच कमी असतात. आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या माझ्यासारख्याने ते पान घडी घालून खिशात ठेवावे.

एक योगायोग नोंदवून ठेवतो. संसदेने बाटल्या आणि बालान्नाच्या डब्यांची जाहिरात व प्रसार बंद करणारा कायदा केला तो १९९२ सालीच. १ ऑगस्ट १९९३ रोजी तो अमलात आला. त्यामागे अर्ध्या शतकाची लढाई होती. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी पश्चिम आफ्रिकेत काम करताना १९३३ मध्ये ‘क्वाशिओरकोर’ या रोगाचे वर्णन जगापुढे ठेवले. गा भाषेतल्या या शब्दाचा आशय असा, की धाकटे भावंड आले म्हणून आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाला होणारे दुखणे. रोगाचे नावच त्याचे कारण सांगते. त्याच बाईंनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये ‘दूध आणि खून’ अशा मथळ्याचे भाषण देऊन डब्याचे दूध खपवणाऱ्यांना जाहीरपणे सुनावले. गरीब घरात डबा पुरवून पुरवून वापरला जातो. चार दिवसांचा डबा दहा दिवस चालवायचा तर पाणी वाढते. अश्वत्थाम्याचे दूध ते हेच, फक्त या वेळी ते बाटलीतून येते आणि पाण्याबरोबर जुलाब आणते.

आता त्या दोन अटींकडे येतो. पहिली अट निरोगी बाळाची.

नव्वदीच्या दशकातल्या बातम्यांत ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली मुले’ हे शब्द सारखे भेटतात. वयाच्या मानाने वजन किती कमी आहे त्यावरून केलेल्या या श्रेण्या होत्या. पुढे त्यांची जागा ‘सॅम’ आणि ‘मॅम’ या अक्षरांनी घेतली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की ते अतितीव्र कुपोषित, म्हणजे सॅम. अंगणवाडीतली ती लाल-पिवळी-हिरवी पट्टी अनेकांनी फोटोत पाहिली असेल. ११.५ सेंटिमीटर म्हणजे किती, हे कळायला तेवढ्या लांबीचा दोरा घेऊन त्याचे कडे करून पाहावे. इतका तो दंड बारीक असतो.

अशा मुलाला किती दूध द्यावे? आपल्या मनातले उत्तर सरळ आहे. बिचारे भुकेले आहे, पोटभर पाजा. हे उत्तर मुलाचा जीव घेऊ शकते, आणि हे समजायला वैद्यकाला फार मोठी किंमत मोजावी लागली. १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त झाली तेव्हा उपाशी कैद्यांना सैनिकांनी मायेने दिलेले अन्न अनेकांना सोसले नाही. तिथे ‘बंगाल दुष्काळ मिश्रण’ नावाचे एक अन्नही देऊन पाहिले गेले. १९४३ च्या आपल्या बंगालमधल्या दुष्काळातून ते तिथे पोचले होते. पुष्कळ उपासमार झालेल्या शरीराने सगळा कारभार मंद केलेला असतो. हृदय क्षीण असते, मूत्रपिंडे सुस्त असतात, पेशींमधले क्षार उलटसुलट झालेले असतात. अशा वेळी एकदम भरपूर अन्न आत गेले तर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि हृदय बंद पडू शकते. जगभरच्या इस्पितळांत गंभीर कुपोषित मुलांपैकी शेकडा वीस ते तीस मुले उपचार चालू असताना दगावत होती, आणि कित्येक दशके हे प्रमाण हलले नव्हते.

१९९० च्या दशकात त्यावर जे उत्तर रूढ झाले, त्याचे नाव ‘एफ-७५’. शंभर मिलिलिटरमध्ये फक्त ७५ कॅलरी असलेले हे पातळ दूध. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या पुस्तिकेने ते सर्वत्र पोचवले. दर किलो वजनामागे दिवसाला १३० मिलिलिटर, अंगावर फार सूज असेल तर १००, आणि तेही दर दोन तासांनी, दिवस-रात्र, बारा वेळा. पाच किलोच्या मुलाला एका वेळी ५५ मिलिलिटरच्या आत, म्हणजे चहाच्या छोट्या कपाच्याही निम्मे. वाटी-चमच्याने पाजायचे, बाटलीने नाही. दोन ते सात दिवसांत सूज उतरू लागली, भूक परतली, की मग दाट ‘एफ-१००’ सुरू करायचे आणि हळूहळू वाढवायचे. आपल्याकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी २०११ मध्ये जी मार्गदर्शिका निघाली तिच्यात सुरुवातीच्या आहाराचे घरगुती प्रमाणही आहे. गाईचे ताजे दूध ३० मिलिलिटर, साखर ९ ग्रॅम, थोडे तेल आणि पाणी घालून १०० मिलिलिटर. म्हणजे शंभरात तीसच दूध! कागदावर हे अश्वत्थाम्याच्या वाटीसारखेच दिसते. फरक इतकाच की इथे पाणी किती आणि का, हे ज्याने ठरवले तो मुलाच्या नाडीवर बोट ठेवून बसलेला असतो.

या बारा वेळांचा विचार त्या आईच्या बाजूने करून पाहा. मूल रडते आहे, वाटी रिकामी झाली आहे, आणि नर्स म्हणते, आता दोन तास काही नाही. ‘पोराला उपाशी ठेवतात’ म्हणून आया मुलांना उचलून घरी घेऊन जातात, अशी तक्रार आरोग्य कर्मचाऱ्यांकडून मी अनेकदा ऐकली आहे. त्या आयांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण आयुष्यभर ‘मूल मागेल तेवढे पाज’ हे ज्ञान घेऊन जगलेल्या बाईला, तुझे मूल आता त्या नियमाच्या पलीकडे गेले आहे हे तिच्या बोलीत, बसून, वेळ देऊन समजावले किती जणांनी? सहा महिन्यांखालच्या बाळासाठी तर आणखी नाजूक उपाय आहे. आईच्या स्तनाला एक बारीक नळी लावून तिच्यातून दूध सोडायचे, म्हणजे बाळ ओढत राहते आणि ओढण्यानेच आईचा पान्हा परत येतो. याला यंत्र लागत नाही. शेजारी बसणारे माणूस लागते.

चौदा-चौदा दिवस मुलाबरोबर राहायचे म्हणजे घरची बाकीची लेकरे कुणाकडे, आणि रोज कुणी कमवायचा? म्हणून दवाखान्यात राहणाऱ्या आईबापाला ‘बुडीत मजुरी’ देण्याची तरतूद आली. सरकारी मराठीत मला आवडलेले शब्द थोडे आहेत, त्यात हा एक. बाळाच्या दुधाच्या मापात आईच्या रोजाचा हिशोब पहिल्यांदा कागदावर आला तो या शब्दात.

*

दुसरी अट पोटभर जेवणाऱ्या आईची.

डॉ. सी. गोपालन यांनी पन्नासच्या दशकात दक्षिण भारतातल्या गरीब बायांच्या दुधाचा अभ्यास केला. या कुपोषित आयांना रोज साधारण ४०० ते ६०० मिलिलिटर दूध येत होते. धड दोन वेळा न जेवणाऱ्या शरीराने इतके दूध द्यावे हेच आश्चर्य. दुधाची प्रतही फारशी घसरत नाही, कारण तूट आईचे शरीर आपल्या साठ्यातून भरून काढते. हाडे, रक्त, स्नायू, जे असेल ते. म्हणून पहिले काही महिने बाळ बरे दिसते आणि आई वाळत जाते. आपण मात्र काटा बाळाखाली ठेवतो. मुळात आई गरोदरपणातच उपाशी असेल तर बाळ अडीच किलोंच्या आत जन्मते. अशा बाळाला ओढायची ताकद कमी, ओढ कमी म्हणून पान्हा कमी, आणि पान्हा कमी म्हणून ओढ आणखी कमी.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. हे ६०० मी नागलीत मांडून पाहिले. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३२० कॅलरी. म्हणजे एकशे नव्वद ग्रॅमच्या आसपास पीठ, दोन जाड भाकरी. बाळाच्या दिवसभराच्या दुधाची किंमत अशी दोन भाकरी आहे. आणि श्रावण-भाद्रपदात, गेल्या वर्षीची नागली संपलेली आणि यंदाची शेतात उभी असताना, नेमक्या या दोन भाकरी घरात नसतात. खावटी कर्जाची सगळी कल्पनाच त्या महिन्यांसाठी निघाली. वर्षानुवर्षांच्या बातम्या तारखांनुसार लावल्या तर बालमृत्यूंची गर्दी जुलै ते सप्टेंबरात दिसते. ताप-जुलाबही तेव्हाच, रस्ता वाहून जाण्याचे दिवसही तेच.

शिवाय आवणी तेव्हाच. भाताची रोपे उपटून चिखलात लावण्याचे काम पंधरा-वीस दिवसांत उरकावे लागते आणि ते बाया करतात. अंगावर पिणाऱ्या तान्ह्याला दिवसाला आठ ते बारा वेळा दूध लागते. सकाळी सातला गेलेली आई चारला परतली तर त्यातल्या तीन-चार वेळा हुकतात. बाळ झोळीत, झोळीपाशी सहा-सात वर्षांची बहीण, तिच्या हाती भाताची पेज. मोखाड्यातल्या एका पाड्यावर एका म्हाताऱ्या सुईणीला मी विचारले होते, की तान्ह्याला दिवसातून किती दूध पुरते? ती हसली आणि म्हणाली, ‘आई घरात असंल तवढं.’ माझ्या वहीत या प्रश्नाची जी उत्तरे आहेत त्यांत मला हे सर्वांत नेमके वाटते. मिलिलिटरऐवजी तिने तास सांगितले.

हा तासांचा प्रश्न फक्त डोंगरातला नाही. शंभर वर्षांपूर्वी तो मुंबईच्या गिरणगावात असाच उभा होता. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या सरकारने नेमलेल्या डॉक्टर बाईंनी गिरणीत काम करणाऱ्या बायांची पाहणी केली. त्यांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते असे त्यांनी नोंदवले. ‘बाळगोळी’ या गोंडस नावाने ती मिळे. आई साच्यावर आणि बाळ खोलीत गुंगीत. भुकेले बाळ रडते, गुंगलेले रडत नाही. आणि जे रडत नाही ते दूधही मागत नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. आंबेडकरांनी पाठिंब्याचे भाषण केले, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. बाळंतपणाच्या आधी तीन आणि नंतर चार आठवडे, रोज आठ आणे. आज तुटपुंजे वाटते. पण बाळाला पाजता यावे म्हणून आईचा वेळ विकत घ्यावा लागतो हे त्या कायद्याने मान्य केले. पगारी नोकरीत आता ही रजा २६ आठवड्यांवर गेली आहे. आवणी करणारी, वीट थापणारी बाई या रजेच्या कक्षेत कुठेच नाही. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील तर ती सांभाळायला एक बाई नेमावी असा नियम आहे. नियम चांगला आहे. मी पाहिलेल्या कामांवर अशी बाई मला दिसली नाही, एवढेच सांगतो.

सुश्रुताची ती हरवलेली नजर मला अलीकडे एका ठिकाणी पुन्हा दिसली. २०१५ च्या अखेरीस राज्याने आदिवासी भागांत अब्दुल कलामांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू केली. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने बाईला अंगणवाडीत रोज एक वेळचे पूर्ण गरम जेवण. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, लाडू, अंडे किंवा केळे. सुरुवातीला एका ताटामागे २२ रुपये धरले होते. त्या पैशांत काय बसते आणि इंधन कुणी आणायचे, यावरून अंगणवाडी सेविकांच्या तक्रारी रास्त आहेत. बिले महिनोन् महिने थकतात हेही खरे. तरीही मी या योजनेच्या बाजूचा आहे, आणि कारण साधे आहे. ताट आईपुढे ठेवले जाते, घरी शिधा दिला तर तो सगळ्यांत वाटला जातो आणि तिच्या वाट्याला शेवटी उरते ते येते.

पण ही अंगणवाडी पाड्यावर आहे, आणि दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांकडे टेंपो निघतात, त्यांत भांडी, कोंबड्या, म्हातारी आणि तान्ही मुले असतात. भट्टीवर जोडप्याला पैसे मिळतात ते हजार विटांमागे; पाजायला बसलेली अर्धी घटका म्हणजे तेवढ्या विटा कमी. मोखाड्यातच कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते. त्या पाण्याच्या उशाचे माणूस भट्टीवर टँकरच्या पिंपातले पाणी पिते आणि त्याच पाण्यात बाळाचे वरचे दूध कालवले जाते.

पाड्यावर मागे राहते ते अंगणवाडी सेविकेचे रजिस्टर. कुटुंब गेले की ती त्या बाळाच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असे लिहिते आणि वजनाचे रकाने मोकळे सोडते. अलीकडे राज्याने अशा माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय नोंद सुरू केली आहे, म्हणजे पाड्यावरचे नाव भट्टीजवळच्या अंगणवाडीत दिसावे आणि तिथे त्याचे वजन व्हावे, आईला ताट मिळावे. मी पाहिलेल्या एका रजिस्टरात एका मुलीचे ऑक्टोबरचे वजन ५ किलो ४०० ग्रॅम होते. पुढचे चार रकाने कोरे होते. पाचव्यात, होळीनंतरच्या तारखेला, पेन्सिलने ५ किलो ३०० लिहिले होते.